जांघ पाह्यली का?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले, त्या सकाळी निकोडे सिस्टर माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "मॅडम, जांघ पाह्यली का?"

माझ्यासमोर एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. पांढरं धोतर, काळी टोपी, पोटात दुखतं अशी तक्रार. मी त्यांची जीभ पाहिली होती, पोट दाबलं होतं आणि केसपेपरवर आम्लपित्ताच्या गोळ्या लिहीत होते. सिस्टर दारात उभ्या होत्या, हातात इंजेक्शनचा ट्रे. वांग्याचा भाव विचारावा तशा आवाजात त्यांनी तो प्रश्न विचारला. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या पंधरा-वीस माणसांनीही तो ऐकला. गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरली. माझे कान तापले.

"पित्ताचं आहे सिस्टर," मी म्हटलं.

"असन. पन पाह्यली का?"

मग त्यांनीच पडदा ओढला आणि गुरुजींना आडवं केलं. "लाज दवाखान्याच्या भायेर ठेवत जा गुरुजी, चपलीसंगं," एवढं पडद्याआडून ऐकू आलं. गुरुजींच्या जांघेत काहीही निघालं नाही. आम्लपित्तच होतं. पण मी त्या गावात होते तोवर, सिस्टर समोरून येताना दिसल्या की गुरुजी रस्ता ओलांडून पलीकडून जात.

सुमन निकोडे. मूळच्या ढाणकीकडच्या. उंच, हाडकुळ्या, केस मागे घट्ट ओढून बांधलेले, चेहऱ्यावर कायम कोणीतरी उशिरा आल्याचा राग. चौतीस वर्षं नोकरी झालेली, त्यातली शेवटची अकरा आमच्याकडे. लग्न झालं होतं असं काही जण सांगत, झालंच नव्हतं असं बाकीचे सांगत. त्यांना विचारायची हिंमत कोणाची नव्हती. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत आणि दुपारचा डबा ड्रेसिंगच्या खोलीत दाराकडे पाठ करून खात.

माणसाच्या पोटात वीस-बावीस फूट आतडं असतं आणि ते कधीही, कुठंही अडकू शकतं, या एका गोष्टीवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा लोकांचा देवावरही नसतो. पोट धरून आलेला माणूस कोणीही असो, त्यांचे प्रश्न ठरलेले. कळ येऊन जाते का एकसारखं दुखते? ओकारी हिरवी का पिवळी? पोट फुगलं का? पोटावर जुना टाका हाय का? वारा सरला का? त्यातही वारा सरला का हे नायब तहसीलदार आणि त्यावरच्या लोकांसाठी होतं. बाकीच्यांना त्या सरळ पादले का म्हणून विचारत. आणि सगळ्यांच्या शेवटी जांघ. कारण पोट आणि मांडी यांच्या सांध्यात एक अरुंद वाट असते. तिथून आतड्याचा तुकडा खाली उतरतो, चिमटीत सापडावा तसा सापडतो, आणि बाहेरून दिसते फक्त एक लहानशी गाठ. वाळलेल्या म्हाताऱ्या बायकांमध्ये तर इतकी लहान, की कोणी लुगडं बाजूला केल्याशिवाय ती कोणालाही कळत नाही. आणि लुगडं कोणी बाजूला करत नाही.

हे मला एमबीबीएसला शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

सिस्टरांचा प्रश्न दवाखान्याच्या हद्दीत राहिला असता तर निभावलं असतं. पण एकदा शाळेतल्या कारकुनाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत नवऱ्या मुलाचे मामा पोटाला हात लावून बसले होते, जिलेबी नको म्हणत होते. तीन पानं सोडून सिस्टर बसल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून पादले का?" सगळी पंगत थांबली. वाढणाऱ्याच्या हातातला वरणाचा डाव तसाच. मामांना काही झालं नव्हतं, सकाळच्या नाश्त्याला कचोऱ्या जास्त झाल्या होत्या. त्यानंतर गावात सिस्टरांच्या नावानं पत्रिका येत, पण लग्न आटोपल्यावर.

आठवडी बाजारात एक चूर्णवाला बसे. घाटंजीचा बाजार करून तो दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येई, लाऊडस्पीकरवर पोट साफ करायची हमी देई. सिस्टर त्याच्यासमोर पिशवी घेऊन उभ्या राहत आणि तो बोलायचा थांबला की गिऱ्हाइकाला सांगत, "पोट फुगलं असन अन् वारा बंद असन तर हे घेऊ नका बाप्पा. दार बंद हाय, अन् हा मांगून बैल सोडून राह्यला." चूर्णवाल्यानं तीन वेळा जागा बदलली. शेवटी तो मटणाच्या दुकानांपलीकडे बसू लागला. सिस्टर शाकाहारी होत्या, पण तिथंही गेल्या.

दवाखान्यात त्यांना वारा सिस्टर म्हणत. मीही म्हणे, त्या नसताना.

तरी सांगते, पोटाच्या बाबतीत जे मला येतं ते त्यांनीच शिकवलं. मला रुजू होऊन दोन महिने झाले असतील. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा एक माणूस वाकून चालत आला. पोट ताठ, सकाळपासून हिरव्या उलट्या. काल पाहुण्यांकडे जेवण जड झालं, असं त्याचं म्हणणं. सिस्टरांनी शर्ट वर केला आणि उजवीकडच्या जुन्या, पांढऱ्या पडलेल्या टाक्यावर बोट ठेवलं. "अपेंडिक्स कवाचं?" सात-आठ वर्षांपूर्वीचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आतून चिकटलेल्या जुन्या जखमेच्या दोऱ्याला आतडं अडकतं, हे मला त्या पाहण्यातूनच आठवलं. त्या दिवशी एक्स-रेवाले आलेले होते. ते सोमवारी आणि गुरुवारी येत. सिस्टरांनी त्यांना बजावलं, "झोपवून काढू नका. उभा करा. उभा केल्याबगर पायऱ्या दिसत नाही." फोटो ओलाच असताना त्यांनी खिडकीशी धरला. आतड्यात साचलेल्या पाण्याच्या आडव्या रेषा, एकीवर एक, खरंच जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

"आता तोंडानं घोटभरबी नाही," त्या म्हणाल्या. "नाकातून नळी, हातात सलाईन, लघवीले पिशवी. अन् गाडी." नळीतून दीड लिटर हिरवं पाणी निघालं. लघवीची पिशवी भरू लागली तशा त्या ती उजेडात धरून पाहत राहिल्या, नातवाकडे पाहावं तशा. त्याला यवतमाळला पाठवलं. तिथं तो ऑपरेशनशिवायच सुटला. आठवड्यानं बायकोला घेऊन आला, पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या. सिस्टर म्हणाल्या, "शेंगा कायले आनल्या? वारा सरते ना रोज?" तो बायकोसमोर मान खाली घालून हो म्हणाला. शेंगा त्यांनी ठेवून घेतल्या.

पाच महिन्यांत मीही पाहायला लागले. म्हणजे बहुतेक वेळा. गर्दी कमी असेल, सोबत पुरुष नसेल, आणि भूक लागलेली नसेल तेव्हा.

तो बुधवार होता. ओपीडीत शंभरावर माणसं होऊन गेली होती. दीड वाजता मी टेबल आवरत असताना एक जीप आली. आतून शेवंताबाईंना त्यांच्या धाकट्या मुलानं उचलून आणलं. वय सत्तरच्या पुढे, अंगानं काडी. घर चांगलं होतं: कापूस, तूर, सोयाबीनची शेती, दोन मुलगे, मोठा नागपूरला नोकरीत. धाकटा, विलासभाऊ, इस्त्रीच्या शर्टात. गावातल्या डॉक्टरनं दोन दिवस गॅसची इंजेक्शनं आणि जुलाबाचं औषध दिलं होतं. पोट उतरायच्या ऐवजी चढलं होतं.

मी विचारलं, "आजी, कळ येऊन जाते का?" त्यांनी मान हलवली. येते, जाते. उलटी हिरवी. वारा कालपासून नाही. मी नऊवारीवरूनच पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावला. आत गुडगुड चाललेली. आता फक्त लुगडं सोडायचं होतं. मी निरीला हात लावला तशी म्हातारीनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता. विलासभाऊ पायाशी उभे होते, ते म्हणाले, "मॅडम, राहू द्या ना. थे काई तसलं नाही. पोटाचंच हाय."

त्यांना बाहेर जा म्हणायचं होतं. चार शब्द होते. निकोडे सिस्टर प्रसूतीच्या खोलीत होत्या. मला भूक लागली होती. मी हात काढून घेतला, म्हातारीला भरती केलं, सलाईन लिहिलं आणि क्वार्टरवर जेवायला गेले.

तीन वाजता परत आले तेव्हा सिस्टर शेवंताबाईंच्या खाटेशी होत्या. ड्यूटी दोनला संपली होती, पण प्रसूती लांबली म्हणून थांबलेल्या. नाकात नळी टाकून झाली होती. मला पाहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"जांघ पाह्यली का?"

"हो," मी म्हटलं.

हे मी इतक्या सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी टेबलाशी गेले आणि केसपेपरवर, दीड वाजताच्या नोंदीखाली, लिहिलं: जांघेच्या दोन्ही बाजू मोकळ्या.

"टाका नाही," सिस्टर स्वतःशीच म्हणाल्या. "गाठ नाही. मंग अडकलं कशानं?" नंतर मला म्हणाल्या, "मॅडम, यवतमाळले पाठवून द्या." मी म्हटलं, उद्या एक्स-रेवाले येतील, फोटो पाहू, मग ठरवू. त्या निघाल्या. दारातून परत आल्या. नळीतून आलेलं पाणी पाहिलं. "अडकलं कशानं पन?" पुन्हा म्हणाल्या आणि गेल्या.

गुरुवारी आठला मी वॉर्डात पोचले तेव्हा त्या माझ्याआधी आलेल्या होत्या. शेवंताबाई आता कळांनी वळत नव्हत्या. एकसारख्या कण्हत होत्या. नाडी एकशे चोवीस, अंग तापलेलं, नळीतल्या पाण्याला शेणासारखा वास. पोटाला हात लावू देईनात. दुखणं येऊन जायचं थांबून एकसारखं झालं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

सिस्टरांनी विलासभाऊंना बाहेर काढलं. वॉर्डातल्या बाकीच्या नातेवाइकांनाही काढलं. पडदे ओढले. म्हातारीशी त्या काय बोलल्या ते कळलं नाही, आवाज फार खाली होता. त्या इतक्या हळू बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं. नंतर त्या बाहेर आल्या, नळाशी गेल्या, हात धुतले, कोपरापर्यंत.

"उजवीकडं हाय," त्या म्हणाल्या. "लिंबाएवढी. लाल झाली."

मी टेबलावरचा केसपेपर उचलला.

"कागदावर काय लिवलं तुम्ही?"

"दोन्ही बाजू मोकळ्या."

त्यांनी हात पदराला पुसले. माझ्याकडे पाहिलं, पण फार वेळ नाही. "खोडू नका," त्या म्हणाल्या. "खोडलेलं दिसते."

गाडी तयार होती. विलासभाऊ म्हणाले, मोठ्या दादाला विचारल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणता येणार नाही. दादाचा फोन लागत नव्हता. मी समजावलं. इंग्रजी शब्द वापरून समजावलं. पाऊण तास गेला. मग सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि वॉर्डाच्या दारात, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "विलासभाऊ, तुमच्या मायचं आतडं आत मरून राह्यलं. भावाले मंग इचारा. मायले दोन दिवस जुलाब पाजले तवा कोनाले इचारलं होतं?"

विलासभाऊंचा चेहरा पांढरा पडला. पण गाडी निघाली.

यवतमाळला त्याच दुपारी ऑपरेशन झालं. दोन फूट आतडं काळं पडलेलं निघालं, ते काढलं. हे मला फोनवरून कळलं. सिस्टरांनी शुक्रवारपासून सहा दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण होतं, घरगुती काम. त्यांना घर कुठलं आणि काम कसलं, यावर दवाखान्यात चर्चा झाली. माझी समजूत अशी, की माझं तोंड पाहायचं नाही म्हणून त्या क्वार्टरमध्ये बसून आहेत. क्वार्टरला बाहेरून कुलूप होतं, तरी माझी समजूत बदलली नाही. मला तीच सोयीची होती.

सहाव्या दिवशी शेवंताबाई गेल्या.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. माझ्याविरुद्ध नाही. परिचारिका निकोडे यांनी वेळेत लक्ष दिलं नाही, आईचे कपडे काढून तिची विटंबना केली आणि नातेवाइकांचा चारचौघांत अपमान केला, अशी. तक्रारीखाली सह्या करणाऱ्यांमध्ये गावातले बरेच प्रतिष्ठित लोक होते. मुख्याध्यापक गुरुजींची सही ठळक होती. त्यांना शेवंताबाई ठाऊकही नसाव्यात.

चौकशीला तिघं जण आले. अधीक्षकांच्या खोलीत पंखा होता म्हणून तिथं बसले. मधल्या साहेबांनी केसपेपर उघडला, माझी नोंद मोठ्यानं वाचली आणि चष्म्यावरून सिस्टरांकडे पाहिलं. "डॉक्टर मॅडमनी दीड वाजता जांघ तपासून मोकळी असल्याचं लिहिलं आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ. मधल्या काळात वॉर्डात लक्ष कोणी ठेवायचं?"

सिस्टर उभ्या होत्या. त्यांना बसायला कोणी सांगितलं नव्हतं. "मॅडमनं पाह्यली होती साहेब," त्या म्हणाल्या. "तवा नसन. मंग उतरली असन. खोकल्यानं उतरते कवा कवा. मी पुन्हा पाह्याले पायजे होती. मी नाही पाह्यली."

"सर, खरं म्हणजे..." मी म्हटलं.

साहेबांनी हात वर केला. "मॅडम, तुमची नोंद स्पष्ट आहे. तुम्हाला कोणी काही म्हणत नाहीये."

आणि मी गप्प बसले. एवढं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी मी दोन पानं लिहिली, जे घडलं ते सगळं, आणि अधीक्षकांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली. उभ्यानंच वाचली. मग टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. "तुम्हाला पुढं शिकायचं आहे ना?" त्यांनी विचारलं. "सिस्टरांची दोनच वर्षं राहिलीत. बदली होईल, बाकी काही नाही. त्यांना कुठंही सारखंच." मी पुढचे काही दिवस त्या खणाकडे पाहत होते. मग पाहायचंही सोडलं.

बदली झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पैनगंगेच्या काठी, जिथं दिवसातून दोन एसट्या जातात अशा उपकेंद्रावर. निघायच्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. सामान फारसं नव्हतं. एक कपाट, गॅस, गादीची वळकटी, दोन पेट्या. त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला बसायला पाट दिला.

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही काहून बोलल्या?"

त्यांनी एक पातेलं उचललं, कागदात गुंडाळलं. "चौतीस वर्सांत पह्यल्यांदा मी दुसऱ्याच्या शब्दावर राह्यली," त्या म्हणाल्या. रागानं नाही, सामानाची यादी सांगावी तसं. "तुमचं काई खोटं नव्हतं आजलोक. म्हून राह्यली. चूक माहीबी हायेच."

"मी लिहून दिलंय अधीक्षकांना."

"कायले? तुमाले अजून लय पोटं पाह्याची हायेत. मले दोन वर्सं. हिशोब सोपा हाय." मग मान वर करून म्हणाल्या, "पन आता पाहत जा."

मला वाटत होतं की यामागे काहीतरी असणार. त्यांची आई, सासू, बहीण, कोणीतरी अशीच गाठ लपवून गेली असणार, म्हणून तर ही बाई अशी झाली. मी अनेक दिवस मनात ती गोष्ट रचून ठेवली होती. मी विचारलं, "तुमच्या घरी कोणाला झालं होतं का हे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मूर्ख आहे. "कोनाले काई नाही झालं," त्या म्हणाल्या. "नर्सिंगच्या पुस्तकात होतं. पोट दुखलं तर जांघ पाहा. मी वाचलं, पाहत गेली. बाकीचेबी वाचते, पाहत नाही. मी काय करू?"

टेम्पो आला. निरोप द्यायला मी आणि एक्स-रेवाले होतो, कारण तो गुरुवार होता.

माझ्या बॉन्डच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, शेवटच्या महिन्यात एका बाईला घेऊन मी स्वतः गाडीत बसून यवतमाळला गेले. पोट फुगलेलं, जुना टाका, सगळं पाहिलेलं, सगळं लिहिलेलं. मोठ्या दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात तिला सोपवून मी सही करत होते, तेव्हा तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी कागदावरचं आमच्या गावाचं नाव पाहिलं.

"तुमच्याच गावच्या त्या सुमनताई कशा आहेत हो?" त्यांनी विचारलं.

"कोण सुमनताई?"

"ती शेवंताबाई नव्हती का, आतडं काढलेली? तिची मुलगी."

शेवंताबाईंना मुलगी नव्हती. दोन मुलगेच. मी तसं म्हणणार होते, पण त्यांनी टेबलावरचं जुनं रजिस्टर ओढलं, बोट फिरवत मागं गेल्या आणि माझ्यासमोर धरलं. रुग्णासोबत थांबणाऱ्यांची यादी. सहा दिवस, सहा ओळी. सुमन. नाते: मुलगी.

"सकाळच्या पहिल्या एसटीनं यायची अन् संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं जायची," इन्चार्ज सिस्टर सांगत होत्या. "साधी बाई. तोंडानं फटकळ, आमच्या पोरींवरही ओरडायची. पण काय सेवा केली हो. तोंडानं पाणी द्यायचं नव्हतं, तर कापूस ओला करून ओठ पुसायची दर घडीला. केस विंचरायची. लुगडं नेसवायची, ते अगदी पदरापासून पायापर्यंत नीट, कोणी आलं तर उघडं पडू नये म्हणून. म्हातारी शेवटी तिला सुमे म्हणायला लागली होती. सुमे, जाऊ नको म्हणे."

मी रजिस्टर बंद करून त्यांच्याकडे सरकवलं.

"एकच गोष्ट आम्हाला समजली नाही," त्या आवाज खाली करून म्हणाल्या. "भाऊ भेटायला आले, की ही उठून मागच्या जिन्यानं निघून जायची. एकदाही समोर आली नाही. म्हातारी गेली त्या दिवशी भाऊ खाटेपाशी रडत होते, अन् ही तिकडं जिन्यात एकटी उभी. गाडी निघेपर्यंत उभी होती. आम्ही म्हटलं, शेतीवरून काहीतरी असेल भावा-बहिणीचं. असं असतं घरोघरी. कोणाला विचारायचं?"

"हो," मी म्हटलं. "तसंच काहीतरी होतं."